पीएच.डी.च्या मुलाखतीत उद्याचा संशोधक ओळखता येतो का?

प्रश्न असा आला आहे: गोव्यात फोंड्याकडच्या एका महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापिका यंदाच पीएच.डी.च्या मार्गदर्शक झाल्या. जागा दोन, अर्ज अकरा. निवड समितीवर त्या पहिल्यांदाच बसणार आहेत. त्या विचारतात, "या अकरांतलं पुढे कोण नाव काढणार, हे ओळखायचं कसं? तुम्ही इतकी वर्षं हे केलंत, काही खूण असेल तर सांगा."

मॅडम, खूण नाही. असती तर मी ती पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा झालो असतो.

सागरी जीवशास्त्राच्या बाजूच्या अशा समित्यांवर मी पंचवीसेक वर्षं बसलो. सुरुवातीला माझी पक्की समजूत होती की उमेदवार दार ढकलून आत आला की मला कळतं. ती समजूत तपासायला एक उद्योग केला. जमाखर्चाची लाल पुठ्ठ्याची वही आणली आणि मुलाखतीच्या दिवशीच प्रत्येकापुढे एक ओळ लिहायला लागलो, की हा पाच वर्षांनी कुठे असेल. ओळ लिहायची, वही कपाटात टाकायची, मागे वळून बघायचं नाही. निवृत्तीच्या आदल्या पावसात ती बाहेर काढून वाचली. "तल्लख, वेळेआधी पूर्ण करणार" असं ज्याच्यापुढे होतं, त्याने दीड वर्षात सोडलं होतं. "तोंड उघडत नाही, शंका आहे" असं जिच्यापुढे होतं, ती आज परदेशात स्वतःची प्रयोगशाळा चालवते. काही अंदाज बरोबरही निघाले, नाही असं नाही. पण कुठला बरोबर येणार आणि कुठला फसणार, हे त्या ओळी वाचून सांगता येत नव्हतं. एकच गोष्ट स्वच्छ दिसली. ज्यांच्यापुढे मी भरभरून लिहिलं होतं ते बहुतेक माझ्यासारखेच होते: पणजी-मडगावातले, घरात पुस्तकं असलेले, माझ्या विनोदाला वेळेवर हसणारे.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर सोडून दिलं असतं. पण या विषयावर सत्तर वर्षं काम झालं आहे आणि त्याचा सूर बराचसा एकच आहे. पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं की अशा अंदाजांत अनुभवी माणसाची नजर साध्या आकडेमोडीपुढे क्वचितच टिकते. रॉबिन डॉस यांनी १९७१ साली हेच ओरेगॉन विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रवेशांना लावून बघितलं. प्रवेश समितीने विचारविनिमय करून दिलेले गुण, आणि परीक्षेचे गुण व आधीची श्रेणी यांची साधी बेरीज, यांत पुढच्या प्रगतीशी जास्त जुळली ती बेरीज. समितीत बसणारे मूर्ख नव्हते. एकच अर्ज सकाळी आणि जेवणानंतर वाचला तर माणूस वेगळे गुण देतो, बेरीज देत नाही, एवढाच फरक.

तुम्ही म्हणाल, बेरीज कागदावर ठीक आहे, प्रत्यक्ष माणूस समोर बसला की वेगळं कळतं. त्याचंही उत्तर आहे, आणि ते मला फार आवडतं, कारण असा प्रयोग कुणी मुद्दाम करू धजलं नसतं. १९७९ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाने मुलाखती घेऊन १५० विद्यार्थी निवडले. नंतर तिथल्या विधिमंडळाने हुकूम काढला, आणखी ५० घ्या. तोवर यादीतले बरे उमेदवार दुसरीकडे गेले होते. उरलेले पन्नास मुलाखतीच्या क्रमवारीत पार तळाचे. ते घेतले. शिक्षण सोडणारे किती, अभ्यासात कोण कसा, रुग्णांसमोर कोण कसा, पुढे निवासी डॉक्टर म्हणून पहिल्या वर्षी कसा, हे सगळं तपासलं तेव्हा वरच्या दीडशेंत आणि या पन्नासांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. आपल्याला असं कधी कळतच नाही, कारण आपण नाकारलेला माणूस आपल्या नजरेआड होतो. तो बंगळुरूला जाऊन काय करतो ते आपण बघत नाही. घेतलेला मात्र आपण हात धरून पुढे नेतो आणि वर म्हणतो, बघा, मी तेव्हाच ओळखलं होतं.

मग गुणच धरावेत का? इथे जरा सावकाश जाऊ, कारण नवे मार्गदर्शक इथेच घसरतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांनी, व्हँडरबिल्ट आणि नॉर्थ कॅरोलायना यांनी, आपल्या जीववैद्यकीय पीएच.डी. विद्यार्थ्यांचा हिशेब मांडला. जीआरई या प्रवेश परीक्षेचे गुण आणि पुढचे शोधनिबंध यांचा जवळपास संबंध नाही, असं दोन्हीकडे आढळलं. बातमी पसरली आणि लोक म्हणायला लागले, परीक्षा म्हणजे थोतांड. आता तुम्ही एप्रिल-मेमध्ये म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मानकुराद घ्यायला गेलात असं समजा. बाईने सकाळीच लहान, डागाळलेले आंबे बाजूला काढलेत. तिच्या पाटलीतल्या, म्हणजे टोपलीतल्या, आंब्यांत आकारावरून गोडी ओळखायला गेलात तर जमणार नाही, सगळे एका मापाचे. यावरून झाडाखाली पडलेली कैरीही तितकीच गोड, असं कुणी म्हणणार नाही. निवड होऊन आलेल्यांतच गुणांचा परिणाम शोधणं म्हणजे पाटलीतल्या आंब्यांत आकार मोजणं. शिवाय त्या पाटलीत एखादा लहान आंबा असलाच तर तो का आहे? बाईला त्याचा वास आवडला म्हणून. म्हणजे कमी गुणांचा जो आत आला तो दुसऱ्या कुठल्या तरी जोरावर आला आणि त्याच जोरावर पुढे गेला. डॉस यांनी हा मुद्दा १९७५ मध्येच लिहून ठेवला होता. तेव्हा गुण फेकून देऊ नका. एका उंबरठ्यापर्यंत ते खरं बोलतात. त्यापुढे एकाहत्तर आणि चौऱ्याहत्तर टक्क्यांतला फरक हा विद्यार्थ्यातला फरक नसतो, त्या वर्षीच्या पेपरातला असतो.

नियमांनी तुमचं काम तसंही आखून दिलंय. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमावलीप्रमाणे विद्यापीठाने प्रवेश परीक्षा घेतली तर तिला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. २०२४ पासून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती न मिळवता नुसत्या नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या जोरावर येणाऱ्यांनाही हेच ७०-३० लागू झालं. पूर्वी लेखी परीक्षा नुसती पात्रतेपुरती असायची आणि पुढे सगळं मुलाखतीवर. त्या काळात मी जे प्रकार पाहिले ते इथे लिहीत नाही. तर तुमच्या हातात गुण तीसच. त्यांचं काय करायचं एवढाच खरा प्रश्न आहे.

आणि तो नीट सोडवायचा तर "पुढे कोण नाव काढणार" हे विचारणं आधी सोडून द्यावं लागेल. नाव काढणं वीस वर्षांनी ठरतं आणि मधल्या काळात काय काय घडेल ते तुमच्या-माझ्या हातात नाही. सांकवाळ गावात १८७६ साली जन्मलेला एक मुलगा घ्या. शाळा जेमतेम, तब्येत नाजूक, घरी नारळाची बागायत बघायची. तेविसाव्या वर्षी बौद्ध धर्म शिकायचा म्हणून घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश करत पाली भाषेचा एवढा पंडित झाला की हार्वर्डने बोलावून घेतला. धर्मानंद कोसंबी. आपल्या समितीपुढे तो १८९९ मध्ये आला असता तर पात्रतेच्या रकान्यातच बाद.  असा माणूस ओळखण्याची कुठलीच पद्धत नाही. मी तुम्हाला त्यापेक्षा लहान प्रश्न देतो: पहिले अठरा महिने हा माणूस काम करू शकेल का? म्हणजे नमुने गोळा करील, चुकला तर चुकलो म्हणेल, कंटाळवाणी नोंद तिसऱ्यांदाही तितक्याच काळजीने करील. याचा अंदाज थोडाफार बांधता येतो, आणि तो गप्पा मारून नाही, काम करायला देऊन.

माझी पद्धत सांगतो. मुलाखतीआधी प्रत्येकाला अर्धा तास एका खोलीत बसवायचं, हातात एक कागद, पेन्सिल, साधा कॅल्क्युलेटर. कागदावर मांडवी नदीतल्या पाच ठिकाणांची क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, वर्षभरातल्या काही दिवसांची, सोबत तापमान, नमुना घेतल्याची वेळ, भरतीची वेळ. वर एकच वाक्य: "हा तक्ता वाचा आणि काय दिसतं ते सांगा." त्यात मी एक चूक पेरलेली असे. जुलैमध्ये दिवाड बेटाजवळ पृष्ठभागाची क्षारता ३१, म्हणजे जवळजवळ समुद्राइतकी. भर पावसात, वरून पाण्याचा लोंढा येत असताना. मे महिन्यात असा आकडा चालून जाईल, जुलैत तिथलं पाणी जवळजवळ गोडंच असतं.

बहुतेक जण सरासरी काढत. एक मुलगा आठवतो, फार हुशार, उत्तम इंग्रजी. त्याने प्रत्येक ठिकाणाची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत काढली, आलेखही सुरेख काढला, ३१ त्यात तसाच गुंडाळला गेला. दाखवल्यावर म्हणाला, "सर, मला वाटलं डेटा तुमचा आहे म्हणजे बरोबर असणार." हे वाक्य मी त्याच्याविरुद्ध धरलं नाही, आपणच त्यांना पंधरा वर्षं तसं शिकवलेलं असतं. पण त्या रकान्यात गुण कमी दिले.

त्याच दिवशी तिसवाडीतल्या एका गावची मुलगी आली. तिच्या घरची खाजन शेती, म्हणजे बांध घालून भरतीचं खारं पाणी अडवलेली जमीन; काका मानशीवर, त्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, मासे धरणारे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून एकदम इंग्रजी. गोव्यात आपल्याकडे ही उडी सर्रास आहे, तरी समितीवर बसलो की आपण ती विसरतो. मुलाखतीत तिला "व्हाय डू यू वॉन्ट टू डू रिसर्च" विचारलं आणि ती गप्प. माझे सहकारी माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मराठीत सांग, कोकणीत सांग, तो कागद कसा वाटला ते सांग. ३१ तिने खोलीतच खोडून बाजूला प्रश्नचिन्ह केलं होतं. मग ती थांबली आणि म्हणाली, "सर, आणखी एक. काल भरती साडेधा वाजतां आनी आज पसून साडेधा वाजतांच? भरती रोज पाऊण तास फुडें वता न्ही?" मी कागद ओढून घेतला. खरंच, लागोपाठच्या दोन दिवसांना भरतीची वेळ एकच पडली होती. ती चूक मी पेरलेली नव्हती. टंकताना माझ्या हातून झालेली, आणि आधीच्या तीन तुकड्यांतल्या एकाही उमेदवाराच्या, की समितीतल्या एकाही सदस्याच्या ती लक्षात आली नव्हती.

आता पुढे काय झालं तेही सांगतो, नाहीतर ही गोष्ट फार गोड होईल. आम्ही तिला घेतलं. अडीच वर्षं तिने उत्कृष्ट काम केलं. मग उच्च माध्यमिकमध्ये ग्रेड वन टीचरची जागा निघाली, ती निवडली गेली आणि सोडून गेली. विभागाच्या अहवालात ती "अपूर्ण" या रकान्यात आहे. सरासरी काढणारा मुलगा दुसऱ्या संस्थेत गेला, पीएच.डी. झाला, आज चांगलं काम करतो. तक्त्याने मला तिची नजर सांगितली, तिच्या घरावरचं कर्ज सांगितलं नाही. आणि ते विचारायचा मला अधिकारही नव्हता. हाच नियम आणखी एका प्रश्नाला लावा: "लग्नाचं काय ठरलंय?" हा प्रश्न अजूनही मुलींनाच विचारला जातो, मुलांना कधीच नाही. तुमच्या समितीत कुणी विचारला तर तिथल्या तिथे थांबवा. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आणि वर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ यूजीसीनेच दिली आहे, आपण त्यात नाक खुपसायचं कारण नाही.

शिफारसपत्रांबद्दल. नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या अभ्यासात शोधनिबंधांशी जुळलेली जवळपास एकमेव गोष्ट म्हणजे शिफारस देणाऱ्यांनी केलेलं मूल्यमापन. पण ते तिथे. आपल्याकडे पत्र विद्यार्थीच लिहून आणतो, सर सही करतात, आणि सगळेच "कष्टाळू, मनमिळाऊ व शिस्तप्रिय". त्यातून गोवा एवढासा. दोनापावल्याच्या समुद्रविज्ञान संस्थेपासून वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रापर्यंत आमच्या क्षेत्रातली माणसं एकमेकांना नावाने ओळखतात, निम्मी एकमेकांच्या लग्नाला जेवलेली. कागदावर कुणी वाईट लिहिणार नाही. मी फोन करत असे आणि एकच विचारत असे: "स्वतःच्या प्रकल्पावर दोन वर्षं हिला घ्याल?" उत्तराआधी किती वेळ शांतता राहते ते ऐकायचं. अर्थात फोन करायचा तर अकराही जणांसाठी करायचा, आपल्या ओळखीच्या दोघांसाठी नाही. नाहीतर तो वशिलाच, फक्त उलट बाजूने.

तीस गुणांची वाटणी मी अशी करीन: पंधरा तक्त्याला किंवा तुमच्या विषयातल्या तशाच कामाला, दहा एम.एस्सी.च्या प्रबंधावरच्या चर्चेला, पाच तुमच्या विषयाबद्दल काय वाचून आला आहे त्याला. प्रबंधावर "काय निष्कर्ष निघाला" हे विचारू नका, पाठ असतो. "काय बिघडलं आणि मग काय केलंत" विचारा. ज्याने स्वतः काम केलंय तो इथे थांबत नाही. पेट्री डिश कशी खराब झाली, फ्रिज बंद पडल्यावर नमुने शेजारच्या विभागात कसे नेले, हे तो रंगून सांगतो. ज्याचं काम दुसऱ्याने करून दिलंय तो म्हणतो, काहीच अडचण आली नाही. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक सदस्याने आपापले गुण लिहून कागद पालथा ठेवायचा, मग चर्चा. नाहीतर ज्येष्ठ सदस्याने "बरा वाटला" म्हटलं की बाकीच्यांची पेनं तिकडेच वळतात. मी स्वतः ज्येष्ठ झाल्यावर हे माझ्याच बाबतीत पाहिलं, तेव्हा जरा लाज वाटली.

अंतःप्रेरणेला अगदीच मज्जाव नको. डॅनियल कानेमान यांनी १९५५ मध्ये, वयाच्या विशीत, इस्रायली सैन्याच्या भरतीसाठी मुलाखतीची पद्धत बसवली. सहा गुणविशेष, प्रत्येकावर वेगळे प्रश्न, प्रत्येकाचे गुण तिथल्या तिथे. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करता म्हणाले. तेव्हा त्यांनी शेवटी एक मुभा दिली: सगळे गुण देऊन झाले की डोळे मिटा आणि एकंदर काय वाटतं त्याचा एक आकडा लिहा. तो आकडाही कामाचा निघाला, सहाच्या बेरजेइतकाच. पण लक्षात घ्या, डोळे मिटायचे ते सगळ्यात शेवटी. आधी मिटलेत तर दिसतो तो आपलाच चेहरा.

आणि दोघं निवडून झाली की तुमचं खरं काम ऑगस्टमध्ये सुरू होतं. जेआरएफचे महिना ३७,००० कागदावर ठीक आहेत, पण पहिला हप्ता हातात पडायला अनेकदा कित्येक महिने जातात. ताळगाव-बांबोळीला खोलीचं भाडं तोवर थांबत नाही. वाळपईहून रोज बसने येणारा मुलगा संध्याकाळी पाचला घड्याळ बघतो तेव्हा त्याला संशोधनाची ओढ नाही असं ठरवू नका, त्याची शेवटची सोयीची बस विचारा. माझ्या त्या लाल वहीत सोडून गेलेल्यांची कारणं मी नंतर शोधत बसलो. बुद्धी कमी पडली असं फार थोड्यांच्या बाबतीत म्हणता आलं. पैसे, प्रवास, नोकरी, घरचं आजारपण. आणि दोन ठिकाणी मार्गदर्शक, म्हणजे मी. एकाचा पहिला मसुदा मी चार महिने वाचला नव्हता.

तो तक्ता तुम्हाला पाठवतो. तुमचा विषय वेगळा असला तरी नमुना म्हणून बघा. जुनीच प्रत आहे, भरतीची वेळ मी दुरुस्त केलेली नाही, मुद्दामच. मात्र समितीपुढे ठेवण्याआधी तुम्ही स्वतः अर्धा तास घेऊन बसा. परवा पाठवण्यासाठी शोधून काढला तेव्हा फेब्रुवारीतल्या एका तापमानाबद्दल मलाच शंका आली आहे. कुठल्या ओळीत ते लिहीत नाही.